बाबासाहेबांचे व्हायोलिन आणि आतड्याची तार

चौदा एप्रिल जवळ आला की चौकाचौकात बाबासाहेबांचे बॅनर लागतात. निळा कोट, हाती संविधान, उंचावलेले बोट. व्हायोलिन हाती घेतलेले बाबासाहेब मात्र बॅनरवर क्वचितच दिसतात. ते व्हायोलिन शिकले होते, वाजवत होते. पुण्यात सेनापती बापट मार्गावर सिंबायोसिसचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आहे. तिथे त्यांच्या वापरातल्या वस्तूंमध्ये त्यांचे व्हायोलिनही जपून ठेवलेले आहे. बघणारे क्षणभर थांबतात, ‘साहेबांना संगीताचीही आवड होती’ असे म्हणतात आणि पुढच्या कपाटाकडे वळतात.

माझा आक्षेप या ‘आवड होती’ला आहे. आवड म्हटले की विषय संपतो. तोच विषय त्या वाद्यावरच्या चार तारांपासून सुरू करून बघा. तार कशाची असते, ती कोण वळतो, ती वाजवण्याचा मान कोणाला मिळतो आणि आज ती कोणाच्या हातापर्यंत पोहोचते? या चार प्रश्नांत जातिव्यवस्थेचे सगळे गणित येते.

आधी तार समजून घेऊ. कारण ज्याला वस्तू कशी बनते हे कळत नाही, त्याला ती बनवणाऱ्याची किंमतही कळत नाही.

व्हायोलिनला चार तारा. पाश्चात्त्य पद्धतीत त्यांना जी, डी, ए आणि ई म्हणतात. सर्वांत खालची जी सेकंदाला १९६ वेळा कंप पावते, सर्वांत वरची ई ६५९ वेळा. आपल्याकडचे हिंदुस्थानी वादक याच तारा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत लावतात. चारही तारांची कंपणारी लांबी सारखीच असते, साधारण ३३ सेंटिमीटर. लांबी सारखी, तरी एक तार खर्जात बोलते आणि दुसरी टीपेला जाते. याला कारणे दोनच, ताण आणि वजन. ताण सारखाच ठेवायचा म्हटले तर जी तार ई तारेपेक्षा अकरा पटींहून जड हवी. पण नुसती जाड तार लावून भागत नाही. जाड तार ताठर होते, नीट कंप पावत नाही आणि तिचा आवाज बद्द येतो. म्हणजे तार जडही हवी आणि लवचिकही हवी. तार बनवणाऱ्यांची शेकडो वर्षांची सगळी धडपड या एका अडचणीशी आहे.

पहिले उत्तर होते आतडे. व्हायोलिन युरोपात घडले तेव्हापासून विसाव्या शतकापर्यंत त्याची मुख्य तार मेंढीच्या आतड्याची होती. इंग्रजीत तिला कॅटगट म्हणतात, पण तिचा मांजराशी काही संबंध नाही. मेंढीचे लहान आतडे वीस-पंचवीस मीटर भरते. जनावर कापल्याबरोबर ते काढून, रिकामे करून धुवावे लागते, नाहीतर कुजते. मग आतली चरबी आणि बुळबुळीत थर खरवडून काढायचा. क्षाराच्या पाण्यात भिजत ठेवायचे, पुन्हा खरवडायचे. उरलेल्या चिवट पापुद्र्याच्या लांब पट्ट्या कापायच्या. तार बारीक हवी की जाड, त्याप्रमाणे पट्ट्या एकत्र घेऊन ओल्या असतानाच त्यांना पीळ द्यायचा, चौकटीवर ताणून वाळवायचे, गंधकाची धुरी द्यायची, घासून गुळगुळीत करायचे आणि तेल लावायचे. या कामाचा वास काय असेल याची कल्पना करा. त्या वासातून जी तार निघते तिचा आवाज इतका गोड असतो की जुने युरोपीय संगीत वाजवणारे वादक आजही तीच मागतात.

दुसरे उत्तर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडले. आतड्याच्या बारीक गाभ्यावर चांदीची किंवा तांब्याची तार गुंडाळायची. गाभा लवचिक राहतो, वजन बाहेरून मिळते. आजच्या बहुतेक सगळ्या तारा याच तत्त्वावर बनतात, फक्त गाभा आणि वेष्टण बदलत गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ई तार पोलादाची झाली. ती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची असते. पुढे गाभाही पोलादाचा आला. कधी एकसंध, कधी दोरासारखा अनेक बारीक तारा पिळलेला. १९७० मध्ये व्हिएन्नाच्या थॉमस्टिक-इनफेल्ड कंपनीने नायलॉनच्या कुळातल्या धाग्याचा गाभा असलेली ‘डॉमिनंट’ तार आणली आणि बाजार बदलला. आज तारांचे तीन मुख्य प्रकार मानतात: आतड्याची, पोलादी आणि कृत्रिम गाभ्याची. वरचे वेष्टण ॲल्युमिनियम, चांदी, निकेल, क्रोम किंवा टंगस्टन यांपैकी कशाचेही असते. टोकाला रंगीत रेशीम गुंडाळलेले असते, ते खुंटीवर पकड यावी म्हणून आणि तार ओळखता यावी म्हणून.

बाबासाहेब व्हायोलिन शिकले तेव्हा कृत्रिम गाभा बाजारात आलेला नव्हता. म्हणजे त्यांच्या बोटांखालची तार पोलादाची तरी असणार किंवा आतड्याची. आणि गोष्ट तारेवर संपत नाही. व्हायोलिनचे लाकूड परंपरेने कातड्यापासून काढलेल्या सरसाने जोडतात. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावतात. म्हणजे ज्याला आपण सभ्य माणसाचे वाद्य समजतो ते लाकूड, कातडे, केस आणि आतडे यांचे बनलेले आहे. मनुवाद्याला ज्या वस्तूंच्या नुसत्या नावाने आंघोळ करावी लागते, त्या सगळ्या वस्तू त्यात आहेत.

कोणी म्हणेल, हा युरोपचा मामला, आपल्याकडे त्याचे काय? आपल्याकडे आतड्याच्या तारेला जुना आणि साधा शब्द आहे, तात. मराठवाड्यातल्या ज्यांनी गल्लीत येणारा पिंजारी पाहिला आहे त्यांना ती आठवेल. गादीचा कापूस पिंजताना तो कमानीवर ताणलेली जी दोरी ठोकायचा आणि टंग-टंग असा आवाज यायचा, ती तात. तुळजापूरच्या वाटेवर आराध्यांच्या काखेत जे चौंडके असते त्याच्या चामड्यातून निघालेली, एका हाताने ताणायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची दोरी म्हणजेही तात. सारंगीच्या तीन मुख्य तारा आतड्याच्याच. तेव्हा आतड्यातून सूर काढण्याची विद्या आपल्या मातीत होतीच. फरक पडला तो ती वाजवणाऱ्यांच्या प्रतिष्ठेत.

सारंगी आणि व्हायोलिन शेजारी ठेवून बघा. दोन्ही गजाने वाजतात. दोन्हींची तार मुळात आतड्याची. दोन्ही माणसाच्या गळ्याच्या जवळ जातात म्हणून नावाजलेली. पण सारंगी तवायफांच्या साथीला होती, वाजवणारे बहुतेक मुसलमान होते. विसाव्या शतकात संगीत ‘सभ्य’ घरांत नेण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा सारंगीवर कोठ्याचा शिक्का बसला आणि साथीला हार्मोनियम आली. पंडित रामनारायण यांच्यासारख्या वादकाला सारंगीला एकल वाद्याचा मान मिळवून देण्यात अख्खे आयुष्य घालवावे लागले. व्हायोलिन साहेबाच्या हातून आले, म्हणून त्याच्या आतड्याचा वास कोणाला आला नाही. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम यांच्या कलेबद्दल माझा वाद नाही, ती थोरच आहे. माझा मुद्दा एवढाच की विटाळ वस्तूत नव्हता. असता, तर तो दोन्ही वाद्यांना सारखाच लागला असता. विटाळ होता वाजवणाऱ्याच्या आणि बनवणाऱ्याच्या जन्मात.

आणखी एक उदाहरण घ्या. याच आतड्याचा धागा डॉक्टर शस्त्रक्रियेत टाके घालायला वापरत आले आहेत. तो शरीरात हळूहळू विरघळतो, काढावा लागत नाही. सोवळे पाळणाऱ्या किती घरांतल्या पोटांत हा धागा विरघळला असेल! टेबलावर झोपलेला कोणी डॉक्टरांना विचारत नाही की धागा कशाचा आणि कोणी वळला. जीव वाचवायचा असतो तेव्हा आतडे चालते. कानाला गोड लागते तेव्हाही चालते. चालत नाही तो फक्त ते धुणारा माणूस.

दक्षिणेत यावर उघड बोलले गेले. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले. मृदंगाला गाय, म्हैस आणि बकरी अशा तिन्हींचे कातडे लागते आणि ते घडवणाऱ्यांत दलित ख्रिस्ती कारागिरांची मोठी परंपरा आहे, हे त्यांनी नावानिशी मांडले. प्रकाशन चेन्नईच्या कलाक्षेत्रात व्हायचे होते. संस्थेने आधी दिलेली परवानगी ऐनवेळी काढून घेतली आणि समारंभ दुसरीकडे करावा लागला. मृदंग मंचावर चालतो, पण त्याच्या कातड्याचा उल्लेख मंचावर चालत नाही. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता आपल्याच लोकांतून एक प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे बजावले. सवर्णांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असा ठराव त्या परिषदेत झाला. मग शंभर वर्षांनी आपण कातड्या-आतड्याच्या कामाचे गोडवे का गायचे? हा उलटा प्रवास नाही का?

नाही. गोडवे गायचेच नाहीत. लादलेल्या कामाला ‘परंपरागत कला’ म्हणून हार घालणे ही गुलामगिरीवर चढवलेली चांदीची तार आहे, गाभा तोच राहतो. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी कामाची वाटणी आणि काम करणाऱ्या माणसांची वाटणी यांतला फरक दाखवला, तो इथे लागू पडतो. आतडे धुणे हे एक काम आहे, गज फिरवणे हे दुसरे काम आहे. पहिल्याचा मुलगा दुसरे काम करू शकेल आणि दुसऱ्याचा मुलगा गरज पडली तर पहिले करेल, तोवर ती नुसती श्रमविभागणी. पण पहिल्याचा मुलगा पिढ्यान्पिढ्या पहिल्याच कामाला जखडला, त्याला नाव नाही, मोल नाही, आणि वर तोच अपवित्र, मग ती जात. तेव्हा मागणी अभिमानाची नाही, हिशेबाची आहे. ज्याच्या हातून सूर शक्य झाला त्याचे देणे मान्य करा, आणि त्याच्या मुलाला वाद्याच्या दुसऱ्या टोकाला बसायला जागा द्या.

हा विचार आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. वीणेच्या तारा फार ताणू नयेत, फार सैल सोडू नयेत, हा सोण भिक्खूला भगवंतांनी दिलेला दृष्टान्त आपल्या विहारांत सगळ्यांना पाठ आहे. पण वीणेचा दुसरा एक दृष्टान्त आहे, तो आपण कमी सांगतो. आपल्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला ज्या मिलिंद राजाचे नाव आहे आणि परिसराला ज्या नागसेनाचे, त्या दोघांच्या संवादात तो येतो. नागसेन राजाला समजावतात की वीणेचा नाद आधीपासून कुठे दडून बसलेला नसतो. चामडे, पोकळ खोड, दांडा, तारा, छेडायचे साधन आणि माणसाचा प्रयत्न हे सगळे जुळून येते तेव्हा नाद उत्पन्न होतो. यांतले काहीच नसेल तर नादही नाही.

यादी नीट बघा. चामडे तिच्यात आहे, तार आहे, माणसाचे कष्ट आहेत. नाद स्वर्गातून उतरतो, अमुक घराण्याच्या रक्तात वाहतो, देवीच्या कृपेने येतो, यांपैकी तिथे काही नाही. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे काय हे मुलांना समजावायचे असेल तर व्हायोलिनची एक तार हातात द्यावी. मेंढी, तिला चारणारा, कापणारा, आतडे धुणारा, पीळ देणारा, वाद्य जोडणारा, शिकवणारा आणि वाजवणारा, या साखळीतली एक कडी काढा, सूर गेला. ब्राह्मणी व्यवस्थेने या साखळीतली शेवटची कडी तेवढी उचलून तिला ‘साधना’ म्हटले आणि बाकीच्यांना ‘धंदा’. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. आमच्या वस्तीच्या भाषेत सांगायचे तर मढे एकाने ओढले आणि मिरवणूक दुसऱ्याने काढली.

कोणी म्हणेल, आता तार नायलॉनची आणि पोलादाची आहे, यंत्रावर वळली जाते, कशाला जुने उकरता? कारण वस्तू बदलली तरी पायऱ्या तशाच आहेत. आज विटाळाच्या जागी किंमत आणि ओळख आली आहे. पोलादी तारांचा साधा संच काही शे रुपयांत मिळतो. परदेशी कृत्रिम गाभ्याचा संच काही हजारांना पडतो आणि रोज रियाझ असेल तर काही महिन्यांत त्याचा आवाज मंदावतो. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्या घरातल्या मुलीची ई तार तुटली की तिचे शिक्षण तिथेच थांबते.

आमच्या अभ्यासिकेत एका निवृत्त गृहस्थांनी दोन व्हायोलिने भेट दिली. एकावर दोनच तारा शिल्लक होत्या. दोन मुलींना घेऊन मी शहरातल्या एका दुकानात तारा घ्यायला गेले. मुली कुठल्या वस्तीच्या हे विचारून झाल्यावर दुकानदार हसत म्हणाले, ‘ताई, यांना हलगी शिकवा, रक्तात असते, लवकर येईल.’ त्यांना आपण काही वाईट बोललो असे वाटलेही नसावे. हलगी हे थोर वाद्य आहे. आमच्या शाहिरांनी आणि जलशांनी चर्मवाद्यांच्या जोरावर गावेच्या गावे जागी केली. मुली हलगीही शिकतील. पण कोणी काय वाजवायचे हे वस्तीचे नाव ऐकून ठरवणे म्हणजे वर्णव्यवस्थाच, फक्त काउंटरच्या मागे बसलेली.

वाद्य रक्तात नसते याचा पुरावा शेजारी गोव्यात आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवत. त्यातून वादकांच्या पिढ्या तयार झाल्या आणि मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच, ज्यांचे नाव त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या संगीतामुळे १९७७ च्या चित्रपटातून घराघरांत गेले. त्या मुलांच्या रक्तात काही वेगळे नव्हते. शाळेत वाद्य होते, शिकवणारा होता आणि तार तुटली तर दुसरी मिळत होती.

तेव्हा करायचे काय? मोठ्या घोषणा नकोत, चार कामे सांगते.

एक, प्रत्येक अभ्यासिकेत आणि विहारात एक तरी व्हायोलिन असावे आणि सोबत तारांचा एक जादा संच. शिकाऊ मुलांना पोलादी तारा द्याव्यात. त्या स्वस्त असतात, लवकर तुटत नाहीत आणि हवामानाने फारशा उतरत नाहीत. आतड्याची तार आपल्या पावसाळ्यात दमटपणाने लगेच बेसूर होते, ती शिकाऊंच्या कामाची नाही.

दोन, मुलांना वाजवण्याआधी तार बदलायला शिकवावे. चारही तारा एकदम काढायच्या नाहीत, एकेक बदलायची. नाहीतर घोडी पडते आणि वाद्याच्या पोटातला लाकडी खांबही निसटतो. उन्हाळ्यात मराठवाड्याच्या कोरड्या हवेत खुंट्या सैल होतात, पावसाळ्यात फुगून घट्ट बसतात, हे त्यांना माहीत असावे. जो आपले वाद्य स्वतः दुरुस्त करतो त्याला दुकानदाराच्या हसण्याची भीती वाटत नाही.

तीन, संगीत शिकवणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी अभ्यासक्रमात वाद्य बनवणाऱ्यांचा इतिहास घ्यावा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती कला उभी केली शिकलगार कारागिरांनी, ज्यांचे पूर्वज हत्यारे घडवत होते. घराण्यांच्या वंशावळी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हेही परीक्षेत विचारले पाहिजे. मैफलीच्या पत्रिकेवर साथीदाराचे नाव छापतात, तसे वाद्य बनवणाऱ्याचेही छापावे. त्याला एक ओळ पुरते.

चार, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब पुन्हा मांडावा. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात शिकाऊ व्हायोलिन, तारांचे काही संच आणि शिकवणाऱ्याचे काही महिन्यांचे मानधन निघते. डीजे दुसऱ्या दिवशी सकाळी परत जातो. वाद्य वस्तीत राहते.

पुण्याच्या संग्रहालयातले व्हायोलिन काचेमागे आहे आणि तिथेच सुरक्षित राहो. आपल्या वस्त्यांतली व्हायोलिने मात्र कपाटात नकोत. आमच्या त्या दोन मुलींनी शेवटी दुसऱ्या दुकानातून तारा आणल्या आणि स्वतःच चढवल्या. सध्या त्या नुसते सा आणि प घासत असतात आणि शेजारी तक्रार करतात. ती तक्रार मी आनंदाने ऐकून घेते.

जयभीम!